रामहरी दाजी आन अख्ख्या घराची मशीन

केसरअक्काला घाम येत नव्हता. कुणाला सांगितलं तर हसायचे, म्हणायचे बरंच हाय की, लुगडं कमी मळतं. पण ज्याच्या अंगाला घाम न्हाई त्याचा उन्हाळा कसा जातो ते रामहरी दाजींनी अठरा वर्सं बघितलं, आन त्यांची सगळी जिंदगानी त्या एका गोष्टीपायी गेली.

रामहरी दाजी म्हंजी अक्काचे मालक. वडवणीपासून आठ किलोमीटरवर त्यांचं गाव. लगीन झालं तवा दोघं बी ऊसतोडीला जायचे, दसरा झाला की ट्रॅक्टरमागं बसून जायचं आन उन्हाळ्याला माघारी यायचं. तिसऱ्या साली कारखान्याच्या तळावर शेजारच्या कोपीला आग लागली. कोपी म्हंजी निसतं पाचट आन वर प्लास्टिकची ताडपत्री, तिला पेटायला किती येळ. अक्का पिठाचा डबा आन अंथरूण काढायला आत गेली. एवढ्याच कामाला गेली. वरची ताडपत्री वितळली आन तिच्या पाठीवर, मानंवर, दोन्ही दंडावर पडली. अंबाजोगाईच्या दवाखान्यात अडीच महिने पडून व्हती. वाचली. पण जळाल्या जागी जी कातडी आली ती निसतं झाकण व्हती, कडक, चकाकती. डॉक्टरीनबाई चांगली व्हती, तिनं दाजींना बाजूला घेऊन समजून सांगितलं. म्हणली, "ह्या कातडीत घामाची भोकं राह्यली न्हाईत. तुमच्या-माझ्या अंगाला घाम येतो, वारं लागतं, गार वाटतं. यांची गरमी आतच कोंडून राहती. उन्हाळ्यात यांना गार जागंला ठिवायचं. औषध हेच."

दाजी म्हणले, "गार जागा म्हंजी कुठली, बाई?"

बीड जिल्ह्यात वैशाखात गार जागा कुठली ते तिला तरी कुठं ठाऊक.

दाजींनी कोयता ठिवून दिला तो दिलाच. वडवणीत एका कूलरच्या दुकानात हाताखाली राह्यले, तिसाव्या वर्साला, पोरासोरांच्या संगं. कावून तर घरी कूलर आणायचा आन तो बंद पडला तर आपल्याला उघडता आला पायजे. दुसरा इचारच नव्हता. सातवी नापास माणूस, पण हात असा बसला की दोन वर्सांत मालकालाच सांगायला लागले, "शेट, पंप चांगला हाय, वायर उंदरानं खाल्लीय." पुढं एसी शिकले. तालुक्यात कुणाची बी मशीन बंद पडली की दाजींना फोन. अक्का पावण्यांना सांगायची, "आमचे मालक दुसऱ्याचं घर गार करतात आन मला हे डबडं आणून देतात. चालू झालं की वाटतं गिरणीत निजले."

डबडं खरं, पण त्या डबड्यावर ती जगली. फाल्गुनात कूलरम्होरं बसायची ती मिरगालाच उठायची. भाजी तिथंच निवडायची, भाकरी तिथंच खायची.

मग तो दुष्काळ आला. लागोपाठ दुसरं वरीस. हिरी आटल्या, बोअर धूळ ओकायला लागले, गावाला टँकर सुरू झाला, आठव्या दिवशी घराला एक टाकी. आन कूलर म्हंजी पाण्याचं काम. दिवसाला पन्नास लिटर पाणी तो निसतं वाऱ्यावर उडवून टाकायचा.

टँकरच्या रांगंत शेजारच्या बायनाबाईनं अक्काला इचारलं, "केसर, तुझा कूलर किती पितो गं? माझ्या म्हशीवून जास्ती का कमी?"

"म्हैस दूध तरी देती," अक्का म्हणली. "ह्यो पितो आन निसता घुरघुरतो."

बाया हसल्या. पण पुढच्या पाळीला कुणी हसलं न्हाई. बायनाबाईनं सरळच म्हणलं, मानसाला प्यायला न्हाई आन काई घरात वाऱ्याला पाजतात. अक्का घरी आली आन तिनं सोताच्या हातानं कूलरचं बटन बंद केलं. दाजी म्हणले, "मी बोलतो त्या बायनाबाईला." अक्का म्हणली, "काय बोलता? खरं बोलली ती. तिची लेकरं आंघोळीबिगर साळंत जातात."

तवापसून वलं लुगडं. तांब्याभर पाणी लुगड्यावर शिपडायचं आन गुंडाळून पडायचं. लाईट असली तर वर पंखा, तर थोडं गार लागतं. लाईट गेली की ते लुगडं म्हंजी चुलीजवळचं फडकं. आन लाईट तर दिवसातून आठ-आठ घंटे जायची. दाजींनी बीडातल्या एका लॉजवरची जुनी एसी भंगारात घेतली, गॅस भरला, घरी बसवली. पण गावच्या डीपीवर सगळ्यांच्या मोटारी, दाब इतका कमी की मशीन नुसती हुंकार द्यायची आन बसून जायची. म्हातारी उठायला बघती आन गुडघ्याला हात लावून परत बसती, तशी. अक्का म्हणली, "राहू द्या, तिला बी जमंना."

त्या साली वीज ग्राहकांच्या सहकारी संस्थंत ती योजना आली. संस्थेचे चेअरमन बबनराव, मोठे बागायतदार, सगळ्या जिल्ह्यात वळख. संस्थेच्या सभासदांच्या मशिनी दाजीच बसवायचे, त्यामुळं त्यांना आतली बातमी कळली. वीज कंपनीचं म्हणणं असं व्हतं, जुन्या मशिनी लाईट लई खातात. त्या जमा करा आन कमी लाईट खाणारी, पाच तारे लावलेली नवी घ्या, तर चार हिश्श्यातले तीन हिस्से कंपनी भरंल. पण एका खोलीची मशीन न्हाई. अख्ख्या घराची. गच्चीवर एक मोठी मशीन आन तिथून पत्र्याच्या नळातून सगळ्या खोल्यांत हवा. वर आणखी एक गोष्ट, योजनंत घर बसलं की त्याला नव्या डीपीवरून येगळी लाईन. दाजींना ती लाईनच मशिनीवून मोठी वाटली.

पहिली मशीन बबनरावांच्या बंगल्यावर बसली, ते सांगायला नगंच. दाजींनीच बसवली. चालू केली तवा बबनराव सोफ्यावर पाय वर घेऊन बसले व्हते.

"काय रे रामहरी, बर्फ पडंल का?"

"बर्फ न्हाई आण्णा, गोधडी मातर काढावी लागंल."

मशिनीतून पाणी गळतं, सगळ्याच मशिनीतून गळतं, हवेतलंच पाणी असतं ते. त्याचा पाईप दाजींनी मागल्या बाजूला सोडला व्हता. खाली कॅन लावला तर दिवसभरात तीन-चार लिटर जमायचं. दाजींनी इचारलं, "आण्णा, ते पाणी मी नेत जाऊ का?"

"मशिनीचं पाणी? पितो काय बे ते?"

"मंडळीच्या अंगावर टाकाया पायजे. गार असतं."

बबनराव पाय खाली घेऊन बसले. म्हणले, "ने. रोज ने. कुणी अडवलं तर माझं नाव सांग." मग दाजींनी योजनंचं काढलं. बबनरावांनी इचारलं, "खोल्या किती तुझ्या?"

"दोन."

"चार लागतात. मीटर?"

"माझं माझं हाय. दादाचं दादाचं."

"एका घराला एकच मीटर लागतं, तिथंच तुझं अडलं." बबनरावांनी इचार केला. "तुझ्या भावाच्या दोन धरल्या तर चार व्हतात. मूळ घर एकच हाय ना तुमचं? एक मीटर परत दे, एकत्र घर म्हणून अर्ज टाक. येत असंल भाऊ तर बघ. माझ्याला मी घेतला नसता."

दाजी घरी येताना सायकल हातात धरून पायी आले. हँडलला कॅन, पाणी हिंदकळू नये म्हणून.

थोरले भाऊ धोंडीराम आन दाजींची वाटणी झाली त्याला अकरा वर्सं झाली व्हती. भांडण असं मोठं न्हाई झालं. अक्काला चुलीजवळ बसवत नव्हतं, सगळा सैपाक वच्छलाबाईच्या अंगावर. वच्छलाबाई म्हंजी धोंडीरामची मंडळी, अक्काची जाऊ. सात वर्सं तिनं दोन बायांचं काम वढलं, मग एक दिवस म्हणली, आता माझी बी कंबर धरली, मला येगळं द्या. त्यात तिचं काय चुकलं. वसरीच्या मधी भित घातली, दोन दारं झाली, दोन चुली, दोन मीटर, आन इकडच्या चुलीवर दाजीच बसायला लागले.

दाजी त्या दुसऱ्या दारात जाऊन उभे राह्यले. सगळं सांगितलं. वच्छलाबाई गहू पाखडत व्हती, सूप थांबवून म्हणली, "अकरा वर्सं झाली. आता मशिनीसाठी भाऊ व्हायलाव का?"

"व्हय वैनी," दाजी म्हणले. "मशिनीसाठीच."

धोंडीराम हसले. "खरं तरी बोललास. निसतं कागदावरच ना?"

"कागदावर आन भितीवर बी. भित फोडावी लागंल, नळ पलीकडं न्यायचा. साहेब येऊन बघणार, एक घर दिसलं पायजे."

"पैसं?"

"तुमच्या-माझ्यात निम्मे. एका खोलीची मशीन रोखीनं घ्यायची तर जेवढे लागतात तेवढ्यातच अख्ख्या घराची येती."

वच्छलाबाईनं इचारलं, "म्हंजी गार हवा आमच्या बी खोलीत?"

"एकच हवा, वैनी. चारी खोल्यांत."

तिनं सूप खाली ठिवलं. "फोडा भित. काल तिला बघितलं म्या दारातून, तोंड कसं लालबुंद झालंय. पण चूल माझी माझी राहील, ते आताच सांगती."

भित फोडायला एक दिवस लागला. मधी दार निघालं तवा अक्का बाजंवर बसून पलीकडं बघत व्हती. म्हणली, "बाई, अकरा वर्सं तुमच्या कुकरच्या शिट्ट्या मोजती. आज कुकर दिसला." वच्छलाबाई हसली आन हसता हसता डोळ्याला पदर लावला, म्हणली धूळ लई उडाली.

नळ दाजींनी सोता केला. पत्रा वाकवायचा, कडा ठोकायच्या, आतून कापूस लावायचा. बबनरावांच्या बंगल्यावर बीडचे चार कारागीर व्हते, इथं एकटे दाजी. पंधरा दिवस ठकठक. अक्काच्या बाजंवर बरोबर मधी त्यांनी हवेचं तोंड काढलं आन तिला निजायला लावलं, "बघ, कपाळावर येतं का पाठीवर?" अक्का म्हणली, "अजून काईच येत न्हाई." धोंडीरामनं आपलं मीटर कंपनीला जमा केलं. रेशनकार्ड एक केलं. लॉजवरली जुनी मशीन जमा झाली. मशीन संस्थेच्या गोदामात येऊन पडली, खोक्यावर दाजींनी सोताच्या हातानं खडूनं लिहिलं, रामहरी, वडवणी. आता राह्यली फक्त साहेबाची पाहणी.

पाहणी पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी ठरली. दोन्ही घरं बसून इचार करायची, साहेब काय काय बघंल. वच्छलाबाईचा गॅस त्या दिवशी कणगीमागं सरकवायचा. जेवायला एकाच चुलीवर करायचं. दारावर धोंडीरामच्या नावाची पाटी व्हती, ती ठिवायची, थोरला भाऊ म्हणून. धोंडीराम म्हणले, "दोन झाडण्या बी दिसू देऊ नका, बायकांचं घर झाडणीवरून कळतं." इतक्या बारीक गोष्टी ध्यानात आल्या. गुढीचं कुणाच्याच डोक्यात आलं न्हाई. येणार कसं? येगळं झाल्यापसून दर पाडव्याला दोन दारात दोन गुढ्या उभ्या राहायच्या. ज्याची चूल त्याची गुढी. ते कुणी ठरवून करत न्हाई, सकाळी उठून दात घासल्यावाणी करतं.

पाडव्याला सकाळी दाजींनी आपल्या दारात काठी बांधली, अक्कानं बसल्या जागंवरून साडी निऱ्या घालून दिली. पलीकडं वच्छलाबाईनं आपली उभी केली, तांब्या, साखरंची गाठी, लिंबाचा डगळा. पुरणाचा वास दोन्हीकडून सुटला व्हता. दहा वाजता मोटारसायकल येऊन थांबली.

साहेब तरणाच व्हता. सणाला आपल्या गावाकडं निघाला व्हता, गाव रस्त्यावरच, म्हणला उद्याची खेप वाचंल, आन यादी बी आजच वर पाठवायचीय. दाजींनी हात पुसत पुसत सगळं दाखवलं. साहेबानं मोबाईलवर फोटो काढले, खोल्यांचे, मीटरचा, फोडलेल्या भितीचा. नळावर टकटक करून बघितलं. "हे कुणी केलं?"

"म्याच."

"लई सफाईचं काम हाय. बीडात असं न्हाई करत कुणी." दाजी आयुष्यात कदी लाजले नसतील, तवा लाजले. गॅस दोन दिसले तर साहेब काई बोलला न्हाई, सणाला एक गॅस पुरतो का, त्याच्या बी घरी आई असंल. मग म्हणला, "घराचा पुढून एक काढतो आन निघतो."

तो रस्त्याच्या पलीकडं गेला, मोबाईल वर धरला, आन परत खाली घेतला.

"गुढ्या दोन कशा?"

वच्छलाबाई म्हणली, "सण हाय म्हणून."

"सण मला बी हाय, मावशी. घर एक आन गुढ्या दोन?"

धोंडीराम ओट्यावरून उतरले. "एक उतरवतो की साहेब. आत्ता उतरवतो, त्याला काय."

त्यांनी काठीला हात घातला आन वच्छलाबाईनं त्यांचं मनगट धरलं. "सकाळी उभी केलेली गुढी दहा वाजता उतरवता? घरात काय मढं पडलंय?"

दाजी आपल्या काठीकडं गेले. "वैनीची राहू द्या. माझी उतरवतो."

तर आतून, बाजंवरून, अक्काच म्हणली, "अवो, नगा. वरसाचा दिवस हाय. सांजंच्या आत हात लावू नका तिला."

दाजींचा हात काठीवर तसाच राह्यला. आता इचार केला तर वाटतं, वढायची व्हती ती काठी, काय व्हायचं ते झालं असतं. पण ज्या घरात आजारी माणूस हाय त्या घरातली गुढी पाडव्याच्या दिवशी सकाळच्या पारी कोण पाडंल? ज्या घरात गुढी न्हाई त्या घरात सुतक. हे पुस्तकात लिहिलेलं न्हाई, अंगातच असतं. दाजींनी हात काढला.

साहेब जवळ आला. वाईट मानूस नव्हता. हळू म्हणला, "मी इकडचाच हाय. दोन गुढ्या म्हंजी दोन चुली, हे मला कळतं तसं वरच्यांना बी कळतं. पुढचा फोटो लागतोच, त्याच्यावर टाइम आन जागा आपोआप येती. न्हाई काढला तर अर्ज पुढंच सरकत न्हाई."

"उद्या काढा की," दाजी म्हणले. "ठरलं तसं उद्या या."

"आजच उरकतंय म्हणून उद्याची रजा टाकलीय. यादी आज चाललीय."

त्यानं फोटो काढला. वच्छलाबाईनं लिंबा-गुळाचा परसाद दिला तेवढा तोंडात टाकला, पुरणपोळीला न्हाई म्हणला, आन गेला.

पंधरा दिवसांनी उत्तर आलं. घर एकत्र न्हाई, सबब सूट देता येत न्हाई. दाजी बबनरावांकडं गेले. बबनराव म्हणले, "फोटो वर गेला, आता तो माझ्या बापाला बी खाली आणता येत न्हाई. एक हाय. दोघा भावांनी स्टॅम्पावर लिहून द्या, आमची वाटणी मोडली, घर पूर्ववत एक झालं. मग फेर अर्ज टाकता येतो. पण लवकर. मशीन गोदामात ठिवायला वरून परवानगी न्हाई."

कागदाचं नाव काढल्यावर धोंडीराम मागं सरले. त्यांची दोन पोरं पुण्याला कंपनीत व्हती. म्हणले, "रामहरी, भित फोडली, मीटर दिलं. पण वाटणी मोडली म्हणून सही केली तर उद्या पोरं मला इचारतील, आमचा हिस्सा कुठाय. तुला लेकरूबाळ न्हाई, तुला काय." बोलून गेले, आन बोलल्यावर सोताच खाली बघाया लागले. दाजी रोजच्यासारखं उठून बबनरावांच्या बंगल्यावर पाण्याचा कॅन आणायला गेले.

बारा दिवस तसेच गेले. तेराव्या दिवशी भर दुपारी धोंडीराम आतल्या दारातून पलीकडं पाणी प्यायला गेले तर अक्का बाजंवर नव्हती. फरशीवर, मोरीच्या तोंडाला, जिथं थोडी वल व्हती तिथं गाल टेकून पडली व्हती, डोळे उघडे. त्यांना बघून उठाया लागली, थोरल्या दिरासमोर असं पडायचं म्हणून डोक्यावर पदर शोधाया लागली. धोंडीराम तिथून जे निघाले ते पायताण बी नीट न घालता स्टँडवर. वडवणीला जाऊन स्टॅम्प घेतला, लिहून घेतलं, सही केली, आन सरळ संस्थेच्या हापिसात.

हापिसातला मानूस म्हणला, "आण्णांनी लई दिवस धरून ठिवली व्हती. परवा उमापूरच्या एका सभासदाला दिली. त्यांचा नंबर पाठीमागं लागलेलाच व्हता."

उमापूरला मशीन बसवायला संस्थेनं दाजींनाच पाठवलं. दुसरा फिटर नव्हता, आन न्हाई म्हणलं असतं तर पुढचं काम गेलं असतं, अक्काच्या दवाखान्याचं कशावर भागवायचं. खोक्यावरलं नाव कुणी तरी वल्या फडक्यानं पुसलं व्हतं. दाजींचं काम चोख. नळ तिथं आधीच तयार व्हता, दोन दिवसांत बसवून तिसऱ्या दिवशी दुपारी माघारी आले.

अक्कानं इचारलं, "झालं का त्यांचं?"

"झालं."

"आवाज करती का वो?"

"न्हाई. चालू हाय का बंद तेच कळत न्हाई."

"मग मला झोपच लागली नसती. मला गिरणीची सवय." मग म्हणली, "गारवा कसा असतो तिचा? सांगा की."

दाजी बाजंच्या कडंला बसले. त्यांना बोलायला येत न्हाई, मशिनीचं काई सांगायचं तर हातानं दाखवायचे. म्हणले, "हिरीत उतरल्यावाणी."

"कशी?"

"पायऱ्यांची हीर असती ना, भर उन्हात तिच्यात उतरायचं. पहिल्या दोन-तीन पायऱ्या चटका. मग पायाला आधी कळतं. मग पोटऱ्यांना. दगडाला टेकलं की पाठीला."

"पाणी हाय का हिरीत?"

"हाय की. वरपोतर."

अक्कानं डोळे मिटले. "उतरा मग. सावकाश."

दाजी एक एक पायरी सांगत राह्यले. कुठं शेवाळ हाय, कुठं पारव्यानं घरटं केलंय, कुठं दगड निसटलाय तिथं पाय जपून टाक. पाच वाजेपोतर सांगितलं. वच्छलाबाई दारात बसून ऐकत व्हती, तिनं हे सगळ्यांना सांगितलं, म्हणून कळलं.

त्याच्यानंतर अकरा दिवसांनी अक्का गेली. सकाळपसून लाईट नव्हती. दुपारी ती उलटसुलट बोलाया लागली, आईला हाका मारल्या, पिठाचा डबा काढा म्हणली. अंग तव्यावाणी. गावातली जीप केली, धोंडीराम पुढं बसले, मागं दाजींच्या मांडीवर डोकं. वच्छलाबाई कॅनातलं पाणी थोडं थोडं तिच्या अंगावर सोडत व्हती. धारूरच्या घाटात पाणी संपलं. घाट सरायच्या आधीच वच्छलाबाईला कळलं, पण तिनं जीप थांबवा म्हणलं न्हाई, अंबाजोगाईपोतर तशीच मान धरून बसली. डॉक्टरांनी हात लावून बघितलं, बस्स. अक्काचं वय बेचाळीस.

पंधरवड्यानं पाऊस पडला. त्याचं काय करायचं.

वच्छलाबाई अजून बी येईल त्याला सांगती, गुढी म्या उतरवू दिली न्हाई, म्या मढ्याचं नाव काढलं. दाजी तिला एकदाच म्हणले, "वैनी, सण व्हता. केसर बी तेच म्हणली." धोंडीरामनं दुसऱ्या वर्सी परत अर्ज टाकायचं काढलं, कागद तयार हाय, आता अडचण न्हाई. दाजी म्हणले, "कुणासाठी?"

मशिनी बसवायचं दाजींनी सोडलं. पण उमापूरच्या मशिनीच्या कार्डावर फिटर म्हणून त्यांचं नाव लिहिलंय, पाच वर्सं उन्हाळ्याच्या तोंडी तिची साफसफाई त्यांच्याच गळ्यात. एस.टी.नं जातात. त्या घरची मानसं चांगली हायत, बसा म्हणतात, च्या देतात, रामहरीभाऊ तुमची मशीन म्हंजी एक नंबर म्हणतात. दाजी शिडी लावून खोलीतल्या हवेच्या तोंडापोतर चढतात, जाळी काढतात, दांडीवर आपटून, धुऊन, पुसून परत बसवतात. खालून बटन दाबायला सांगतात. आत पंखा फिरायला लागला, की हवा तोंडाला लागायच्या आत शिडीवरून खाली उतरतात आन पिशवी घेऊन उन्हात निघतात.